तलावातले पाणी गेले कुठे?



पास्कलचा नियम तुम्हांला पाठ असेल. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. परीक्षेत व्याख्येला दोन गुण, आकृतीला आणखी एक. मी स्वतः हा नियम महाविद्यालयाच्या फळ्यावर कितीदा लिहिला आहे याची गणती नाही. पण हाच नियम एखाद्या दमट खोलीत, ओल्या फरशीवर, घोंघावणाऱ्या पंपाशेजारी उभा असलेला भेटला तर तुम्ही त्याला ओळखाल का? मला तरी पहिल्या भेटीत ओळखता आला नाही. ती हकीकत आज सांगतो, आणि तिच्यावरून माझे जे मत बनले आहे तेही सांगतो. पटले नाही तर भांडायला मोकळीक आहे.

आमच्या नाशिकमध्ये पोहायला शिकण्याच्या जागा दोन. पूर्वीची मुले गोदावरीत शिकत. आताची मुले तलावात शिकतात. त्र्यंबक रस्त्यावरचा महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव नाशिककरांच्या चांगला ओळखीचा आहे. मी सांगतो तो तलाव मात्र हा नव्हे. तो लहान, १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद, सरासरी खोली १.४ मीटर. गुणाकार करून पाहा. १६८ घनमीटर, म्हणजे १ लाख ६८ हजार लिटर पाणी.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. या तलावाचे पाणी रोज तीन-तीन सेंटीमीटर खाली जाऊ लागले. बोअरचे पाणी आटत आलेले, म्हणून टँकर मागवावा लागे. पाण्याचा हिशेब लागेना. असा हिशेब लागेनासा झाला की सगळ्यांत आधी काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहे का? हाताखालच्या माणसाकडे बोट जाते. पंपावर एक वयस्क गृहस्थ कामाला होते. सगळे त्यांना मामा म्हणत. मामा टाकी धुताना पाणी जास्त वेळ सोडून ठेवतात, कोणी म्हणे मामा पाणी बाहेर देतात. दोन महिने त्यांच्या पगारातून पैसे कापले गेले. उरलेल्या मंडळींचे म्हणणे, "उन्हाळा आहे, पाणी उडून जाते." आणि तिसरा पक्ष होता फरशीवाल्यांचा. तळाच्या फरश्यांचे सांधे गेले असणार, तलाव रिकामा करा, फरश्या उखडा!

तिथे माझा मुलगा पोहायला जात असे. पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस म्हणून मला विचारण्यात आले. आणि लिहायला थोडी लाज वाटते, पण मी फरशीवाल्यांच्या पक्षात गेलो. माझा तर्क पुस्तकी होता. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो, दोन मीटर खोलीवर तो दर चौरस सेंटीमीटरला ०.२ किलोग्रॅम, तेव्हा भेग असेल तर तळाशीच असणार. मी हे कागदावर मांडूनही दाखवले.

मामा दाराशी उभे राहून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "सर, पंप बंद असला की पाणी उतरत नाही."

हे वाक्य त्यांनी यापूर्वीही दोघातिघांना ऐकवले होते म्हणे. कोणी मनावर घेतले नव्हते. मी घरी येताना स्कूटरवर त्याचा विचार केला आणि कॉलेज रोडच्या सिग्नलला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तळाला भेग असेल तर पाणी चोवीस तास झिरपेल. तिला पंपाशी काय देणेघेणे? उडून जाणारे पाणीही पंप चालू आहे की बंद, हे विचारत नाही. पाणी जर पंप चालू असतानाच कमी होत असेल तर ते पंपाच्या पुढच्या वाटेवर, जिथे पंपाचा दाब असतो तिथेच, कुठेतरी निसटत असले पाहिजे. एका वाक्याने दोन पक्ष बाद झाले! अर्थात मामांचे म्हणणे खरे असेल तर. ते खरे की खोटे हे ठरवायला मोजमाप हवे.

मोजमापाला साहित्य काय लागले? एक बादली, एक दगड, एक पोलादी पट्टी. तलावाच्या पायरीवर बादली ठेवली, ती तरंगू नये म्हणून आत दगड घातला, आणि बाहेर तलावाचे पाणी जेवढे तेवढेच आत भरले. बादली तलावातच असल्यामुळे दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे, वारा सारखा, ऊन सारखे. म्हणजे बाष्पीभवनही जवळजवळ सारखे. बादलीला भोक नाही हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा बादलीत जेवढे उतरेल तेवढे हवेत गेले. तलावात त्याहून जास्त उतरले तर ते जास्तीचे पाणी गळाले. पोहणाऱ्यांनी पाणी उडवू नये म्हणून सुट्टीचा वार, सोमवार निवडला. बाहेरून येणाऱ्या पाण्याचा नळ बंद ठेवला.

पहिल्या सोमवारी पंप पूर्ण बंद. चोवीस तासांनी बादलीत ९ मिलिमीटर पाणी उतरले होते आणि तलावातही ९. फरश्या निर्दोष सुटल्या.

दुसऱ्या सोमवारी पंप रोजच्यासारखा चालवला. पहाटे ५ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री ९, एकूण अकरा तास. बादलीत ८ मिलिमीटर उतरले, तलावात ३०!

फरक २२ मिलिमीटरचा. तलावाचे क्षेत्रफळ १२० चौरस मीटर. गुणाकार केला की २.६४ घनमीटर, म्हणजे २६४० लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असा आपल्याकडे नियोजनाचा दंडक आहे. त्या हिशेबाने एकोणीस-वीस माणसांचे एका दिवसाचे पाणी. आणि हे त्या गावात, ज्याने २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडलेले पाहिले आहे. ही गळती शोधण्यासाठी आम्ही काय करणार होतो? तलाव रिकामा, म्हणजे १ लाख ६८ हजार लिटर पाणी गटारात. त्या सल्ल्यावर माझी सही होती, हे विसरू नका.

आता २६४० ला अकरा तासांनी भागा. तासाला २४० लिटर, मिनिटाला ४ लिटर. एवढे पाणी मिनिटामिनिटाला कुठे तरी जाते आहे आणि पंपाच्या खोलीत फरशी तर कोरडी! मग ते जाते कुठे?

हे समजण्यासाठी त्या खोलीत काय असते ते पाहू. मोठ्या हंड्यासारखी एक टाकी असते, तिच्यात वाळू. पंप तलावातले पाणी खेचतो, वाळूच्या डोक्यावर सोडतो. पाणी वाळूतून खाली उतरते, गाळ वर अडकतो, आणि तळाच्या जाळीदार नळ्यांतून स्वच्छ पाणी पुन्हा तलावात जाते. वाळूचा कण साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. कणांमधल्या फटी गाळाच्या कणांपेक्षा मोठ्या असतात, तरी गाळ अडकतो, कारण तो वाळूला चिकटतो. गंमत म्हणजे थोडी मळलेली वाळू कोऱ्या वाळूपेक्षा चांगले गाळते, कारण फटी अरुंद झालेल्या असतात. उगाच रोज टाकी धुणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दाबमापकाचा काटा स्वच्छ वाळूच्या वेळच्या आकड्यापेक्षा अर्धा-पाऊण किलोग्रॅमने वर चढला की मगच धुण्याची वेळ झाली असे समजावे.

वाळूने पाणी गाळण्याची ही विद्या तशी जुनी. स्कॉटलंडमधील पेझली येथे जॉन गिब याने १८०४ मध्ये, आणि लंडनमध्ये जेम्स सिम्प्सन याने १८२९ मध्ये अशी गाळणी बांधली. तिची किंमत जगाला कळली १८९२ साली. जर्मनीत एल्ब नदीच्या काठी हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे अगदी खेटून होती. हॅम्बुर्ग नदीचे पाणी न गाळता पीत असे. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेले पाणी तिच्या वाट्याला येई. पण ते वाळूतून संथपणे गाळले जाई. त्या वर्षी पटकीची साथ आली. हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे मेली, आल्टोना मोठ्या प्रमाणावर वाचले. पटकीचा जंतू ओळखणारे रॉबर्ट कॉख यांनीच या प्रकाराचा अभ्यास केला. संथ गाळणीत वाळूवर सजीवांचा एक बुळबुळीत थर जमतो आणि जंतूंचा समाचार तो घेतो. तलावाच्या गाळणीत पाणी वेगाने जाते, तिथे असा थर धरत नाही. म्हणून तिथे जंतू मारण्याचे काम क्लोरिनवर सोपवलेले असते. असो. विषय गळतीचा आहे.

वाळू मळली की ती धुवायची कशी? पाणी उलटे, खालून वर सोडायचे. वाळू फुगून वर उचलली जाते, कणांवर कण घासतात, गाळ सुटतो आणि बाहेरच्या नळीने गटारात जातो. याला बॅकवॉश म्हणतात. म्हणजे त्याच पंपाचे पाणी कधी वरून खाली, कधी खालून वर, कधी तलावाकडे तर कधी गटाराकडे न्यावे लागते. ही वाट बदलण्याचे काम टाकीवर बसवलेला एकच व्हॉल्व्ह करतो. त्याला मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह म्हणतात. त्याच्या झाकणावर गोल फिरणारा एक दांडा असतो आणि भोवती नावे लिहिलेली असतात: फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रिसर्क्युलेट, क्लोज्ड. मनमाड जंक्शनवर सांधेवाला सांधा बदलून गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घेतो ना? तेच काम.

व्हॉल्व्हच्या पोटात बैलगाडीच्या चाकासारखे कप्पे असतात. प्रत्येक कप्पा एकेका नळीचा. कप्प्यांच्या भिंतींच्या माथ्यावर खाच असते आणि तिच्यात रबराचे गास्केट बसवलेले असते. तेही चाकासारखेच, मध्ये गोल आणि भोवती आरे. त्याच्यावर प्लॅस्टिकची एक चकती स्प्रिंगच्या जोराने दाबून बसते. दांडा खाली दाबला की ती चकती वर उचलली जाते. मग दांडा फिरवायचा, सोडला की चकती पुन्हा घट्ट बसते. एका कप्प्यातले पाणी दुसऱ्यात जायचे नाही ते केवळ या रबराच्या आऱ्यांमुळे. एखादा आरा जागचा हलला, चिरला किंवा त्याच्यावर वाळूचा कण बसला, की दाबाचे पाणी शेजारच्या कप्प्यात घुसते. तो शेजारी जर गटाराच्या नळीचा कप्पा असेल तर? बाहेर एक थेंबही न दिसता पाणी रात्रंदिवस गटारात.

यासाठीच त्या व्हॉल्व्हला गटाराच्या बाजूला एक छोटी काच बसवलेली असते. बॅकवॉशचे पाणी गढूळ आहे की निवळले ते तिच्यातून पाहतात. दांडा फिल्टरवर असताना काचेत काहीही हलता कामा नये. आमच्या तलावावरची काच शेवाळाने हिरवी झाली होती. ती शेवटची कधी पुसली हे कोणालाच आठवेना. मामांनी जुन्या टूथब्रशाने ती घासली, मी टॉर्च धरला. आत पाणी वाहत होते. फरशीचे झाकण उचलून गटाराच्या चेंबरमध्ये नळीचे तोंड शोधले, तिच्याखाली बारा लिटरची बादली धरली आणि घड्याळ लावले. बादली तीन मिनिटांत भरली.

मिनिटाला चार लिटर! तलावाच्या पातळीवरून काढलेला आकडा आणि गटारात मोजलेला आकडा एकच निघाला. मी अनेक वर्षे प्रयोगशाळेत मुलांकडून गुरुत्वत्वरण काढून घेतो आहे, पण उत्तर जुळल्याचा असा आनंद मला तिथे क्वचितच झाला असेल.

आता पास्कलसाहेबांकडे येऊ. दाबमापक दर चौरस सेंटीमीटरला १ किलोग्रॅम दाखवत होता. आकडा फार वाटत नाही. पण व्हॉल्व्हचे झाकण आतून १६ सेंटीमीटर व्यासाचे, म्हणजे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर. तेव्हा झाकणाला आतून २०० किलोग्रॅमचा रेटा! तीन दणकट माणसे झाकणाखाली बसून ते डोक्याने वर ढकलत आहेत असे समजा. म्हणून झाकण उघडण्याआधी पंप बंद करायचा, हवेची तोटी सोडायची, काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी पाहायचा, मगच पाना हाती घ्यायचा. टाकीत हवा कोंडली असेल तर जास्तच जपायचे. पाणी दाबाने जवळजवळ आकसत नाही, पण हवा स्प्रिंगसारखी दबून राहते आणि वाट मिळताच उसळते. ओली फरशी आणि विजेचा पंप एकाच खोलीत असतात, तेव्हा हे काम तुम्ही एकट्याने मुळीच करायचे नाही, हेही सांगून ठेवतो.

अशा दाबाने पाणी फटीतून किती वेगाने निसटते? टॉरिसेलीच्या सूत्राने सेकंदाला सुमारे १४ मीटर. मिनिटाला चार लिटर या वेगाने जायला फट केवढी हवी? पाच चौरस मिलिमीटर. जरा जास्तच धरू, कारण फटीतून जाताना धार आकसते. तरी नखाएवढीसुद्धा नाही! झाकण उघडले तेव्हा चाकाचा एक आरा खाचेतून बोटभर लांब उचकटलेला दिसला. बाकी गास्केट धडधाकट होते.

तो आरा उचकटला कसा? मी मामांकडे पाहिले. पंप चालू असताना दांडा फिरवला की असे होते. गाडी सांध्यावर असताना सांधा बदलण्यासारखेच ते. मामा म्हणाले, "चालू पंपावर मी कधी दांडा फिरवत नाही, सर. पण एकदा दांडा अर्ध्यावर होता आणि लाइट आली." वीज गेली होती म्हणून पंप बंद होता, त्या वेळात त्यांनी दांडा हातात घेतला, आणि वीज परत येताच पंप आपोआप सुरू झाला. शेतातल्या पंपाला लावतात तसला ऑटो स्विच कोणीतरी त्याला जोडून ठेवला होता. साध्या स्टार्टरमध्ये वीज गेली की आतले वेटोळे सुटते आणि कोणी हिरवे बटण दाबेपर्यंत पंप चालू होत नाही. ती सोय या स्विचने रद्द केली होती. गास्केट त्याच दिवशी निघाले हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण बहुधा तसेच झाले असावे. तेव्हा दोष कोणाचा म्हणायचा?

नवे गास्केट मुंबईहून यायला चार दिवस लागले. तोवर तलाव बंद, आणि मुले माझ्यावर नाराज. खाच कोरडी पुसून, वाळूचा कण न् कण काढून ते बसवले. ऑटो स्विच काढला. पुढच्या सोमवारी बादलीत ८ मिलिमीटर आणि तलावातही ८.

याच व्हॉल्व्हच्या दुसऱ्या दुखण्यांबद्दलही थोडे सांगतो, कारण पाणी कुठे दिसते यावरून काय बिघडले हे ओळखण्यात खरी मौज आहे. दांड्याखालून पाणी येत असेल तर मधल्या दांडीवरची ओ-रिंग झिजली आहे. झाकणाच्या कडेने येत असेल तर झाकणाची रिंग, किंवा स्क्रू एकाच बाजूने आवळलेले आहेत. ते मोटारीच्या चाकासारखे समोरासमोरचे थोडेथोडे आवळायचे असतात. नळीच्या आट्यांतून येत असेल तर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळून पुन्हा बसवायची. व्हॉल्व्हचे अंगच तडकले असेल तर मात्र नवा घेण्यावाचून उपाय नाही. फिल्टरवर असताना गटाराकडे बारीक धार असेल तर लगेच झाकण उघडू नका. पंप बंद करून दांडा दोन-चारदा फिरवा आणि पुन्हा बॅकवॉश द्या, अडकलेला वाळूचा कण असेल तर निघून जाईल. तलावात वाळू येत असेल तर व्हॉल्व्हला बोल लावू नका, टाकीच्या तळची नळी फुटली आहे. आणि तलावात बुडबुडे येत असतील तर? इथे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी अडकवतो. गळती आहे, पण पाणी कुठेच सांडत नाही. पंपाच्या मागच्या बाजूला, जिथे तो पाणी खेचतो, तिथे दाब हवेपेक्षा कमी असतो. तिथे फट पडली की पाणी बाहेर न येता हवा आत जाते.

आपल्याकडे गळतीवर एकच औषध: बाहेरून इपॉक्सीची लांबी मळून थापायची. विचार करा, आतला दाब त्या लांबीला बाहेर ढकलतो, म्हणजे पाणी आपले औषध स्वतःच उचकटते. ओ-रिंगचे उलटे आहे. ती खाचेत अशी बसवतात की आतला दाब तिला फटीकडेच रेटतो. दाब जितका जास्त तितकी ती घट्ट. चोराच्याच जोराने दार लावून घेण्याची ही युक्ती मला फार आवडते. मात्र रबर लवचीक राहिले पाहिजे. म्हणून त्याला पेट्रोलियमचे ग्रीस किंवा व्हॅसलीन न लावता सिलिकोनचे ग्रीस लावतात. तेलकट पदार्थाने पुष्कळ रबरे फुगतात आणि मऊ पडतात.

रबर लवचीक राहिले नाही तर काय होते, याचे जगाने पाहिलेले उदाहरण म्हणजे चॅलेंजर यान. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत ते नष्ट झाले आणि सात अंतराळवीर गेले. बाजूच्या रॉकेटच्या सांध्यातली ओ-रिंग त्या सकाळच्या गोठवणाऱ्या थंडीत कडक झाली होती. तिने फट वेळेवर भरली नाही आणि तप्त वायू बाहेर पडला. चौकशी समितीत नामवंत पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन होते. त्यांनी भर बैठकीत त्या रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला, आणि चिमटा काढल्यावर तो लगेच पूर्ववत होत नाही हे सर्वांना दाखवले. पण ज्या कंपनीने रॉकेट बनवले तिथल्या अभियंत्यांनी, त्यात रॉजर बोइजॉली हे एक, आदल्या रात्रीच थंडीत उड्डाण करू नका असे बजावले होते. त्यांचे म्हणणे वरिष्ठांनी मानले नाही. तलावावरच्या मामांची गोष्ट एवढी मोठी नाही हे मला कळते. तरी फाइनमनबद्दल वाचताना मला हल्ली मामाच आठवतात.

आता माझे मत. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळेत सगळी उपकरणे चालू स्थितीत असतात, निदान असावीत अशी अपेक्षा असते. उत्तर काय यायचे ते वहीत आधीच लिहिलेले असते. मला वाटते, प्रत्येक प्रयोगशाळेत एक कपाट बिघडलेल्या वस्तूंचे असावे: गळका नळ, बंद पडलेला स्टोव्ह, हवा न धरणारा सायकलचा पंप. वर्षातून निदान दोन प्रात्यक्षिके त्यांवर घ्यावीत आणि गुण द्यावेत ते दुरुस्तीला नव्हे, तर बिघाड कुठे आहे हे कसे शोधले त्याला. "हे प्लंबरचे काम आहे, आमच्या मुलाला इंजिनिअर व्हायचे आहे," असे एका पालकांनी मला ऐकवले. मी त्यांना विचारले, त्या इंजिनिअरसमोर उद्या कोणी मामा येऊन म्हणाला की पंप बंद असला की पाणी उतरत नाही, तर त्या वाक्याचा अर्थ त्याला कळायला नको का? मला तो घरी जाताना सिग्नलला कळला आणि माझ्याकडे एम.एस्सी.ची पदवी आहे.

मामांचे कापलेले पैसे त्यांना परत मिळाले, पण त्यासाठी मला मोजमापांचा कागद घेऊन तीनदा जावे लागले. उचकटलेल्या आऱ्याचे ते गास्केट मी मागून आणले. सध्या ते आमच्या प्रयोगशाळेत आहे आणि मुलांना मी ते काही न सांगता हातात देतो. कोणी म्हणतो खेळण्याचे चाक, कोणी म्हणतो मिक्सरचा भाग.

तुमच्या घरी तलाव नसेल, पण संडासातली फ्लशची टाकी असेल. तिचेही दुखणे असेच लपलेले असते. तळाच्या रबरी झडपेतून पाणी भांड्यात झिरपत राहते आणि कोणाला दिसत नाही. रात्री सगळे झोपल्यावर टाकीच्या पाण्यात निळ्या शाईचे चार-पाच थेंब टाका आणि अर्ध्या तासाने भांड्यातले पाणी पाहा. निळे दिसले तर टाकीत येणारा नळ बंद करा, पातळीवर पेन्सिलीने खूण करा, आणि तासाभरात पाणी किती उतरते ते मोजा. टाकीची लांबी-रुंदी मोजली की लिटर काढता येतील. शाईच वापरा, हळद नको. तिचा डाग निघत नाही आणि मग घरचे लोक प्रयोगच बंद करतात.